मुहूर्त मोजके, हप्ते बारा

महाराष्ट्रात घरोघरी देवघराशेजारी दिसणारे दाते पंचांग सोलापुरात तयार होते. ल. गो. उर्फ नाना दाते यांनी ते सुरू केले, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. भटजीबुवा त्यात तिथी-नक्षत्र पाहतात, गृहिणी एकादशी पाहतात आणि मंगल कार्यालयाचे मालक विवाह मुहूर्तांच्या यादीवर लाल पेन फिरवून ठेवतात. त्याच गावातल्या फोटोग्राफरला दर ठरवायची वेळ आली की तो मात्र पंचांग उघडत नाही. तो पलीकडच्या चौकातल्या फोटोग्राफरला फोन लावतो आणि विचारतो, ‘‘तू किती घेतलास रे?’’

पलीकडच्यानेही असाच कुणाला तरी फोन केलेला असतो. अशा साखळीतून ठरलेल्या दराला बाजारभाव म्हणतात. हा भाव कुणीच हिशेब करून काढलेला नसतो.

सोलापूरसारख्या गावात हे विशेष खटकते. हे गाव कापडाच्या हिशेबावर उभे राहिले. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या यंत्रमागांपर्यंत इथल्या कारखानदाराला एका चादरीत सूत किती, रंगाई किती, मजुरी किती आणि वीज किती हे तोंडपाठ असते. सुताचा भाव किलोमागे चार रुपये हलला की तो चहा अर्धा टाकून कागद ओढतो. फोटोग्राफरला त्याच्या एका लग्नाचा उत्पादन खर्च विचारा. अल्बमचे इतके, व्हिडिओवाल्याचे इतके, पेट्रोल, संपले. कॅमेरा, दुकान आणि तो स्वतः या तीन गोष्टी चादरीतल्या सुताइतक्याच खर्च होत असतात, पण त्या कागदावर येत नाहीत.

विकायला काय आहे?

लग्नाचा फोटोग्राफर तारखा विकतो. फोटो कितीही काढता येतात, तारीख मात्र एकदाच विकली जाते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीला संपतो. हे दोन्ही दिवस सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात, सगळ्यात मोठ्या गर्दीने साजरे होतात. त्यांच्या मधल्या चार महिन्यांत मराठी घरांतली नेहमीची लग्ने थांबतात. ‘काढीव’ मुहूर्तावर काही उरकली जातात, पण ती थोडी. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, पौषात अनेक घरे पुन्हा थांबतात, माघ-फाल्गुनात गती येते आणि एप्रिल-मेमध्ये कार्यालये तुडुंब भरतात. त्यातही ग्रह आडवे येतात. २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता आणि ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ पडला. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठाचा आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण मिळते, फोटोग्राफरला सुट्टी.

पंचांगातल्या यादीत तारखा बऱ्याच दिसतात, पण त्या सगळ्या विकता येत नाहीत. हळद आदल्या दिवशी असते, त्यामुळे एक लग्न दोन दिवस खाते. लागोपाठचे दोन मुहूर्त आले की एकावर पाणी सोडावे लागते. मंगळवारच्या मुहूर्ताला गिऱ्हाईक कमी आणि रविवारच्याला चौघे जण दारात उभे, असेही होते. हे सगळे वजा करून एकच टीम असलेल्या फोटोग्राफरला वर्षात तीसेक लग्ने मिळाली तर वर्ष चांगले गेले म्हणायचे. पुढच्या हिशेबासाठी आपण तीसच धरू.

आता कागद घ्या. खालचे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच राहील.

दुकानाचे भाडे महिना १२,००० धरले तर वर्षाचे १,४४,०००. फोटोशॉप जाणणारा आणि काउंटर सांभाळणारा एक मुलगा, पगार १५,०००, वर्षाचे १,८०,०००. वीज, इंटरनेट, फोन मिळून ६०,०००. हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, बॅटऱ्या ४०,०००. दुरुस्ती, सर्व्हिसिंग आणि सामानाचा विमा ३६,०००. जाहिरात आणि सॅम्पल अल्बम ३०,०००. कर्जाचे व्याज ३०,०००. व्याजच, हप्त्यातली मुद्दल नव्हे. मुद्दल म्हणजे सामानाची किंमत आणि ती पुढच्या ओळीत येते.

ती ओळ म्हणजे घसारा. दोन कॅमेरे, तीन-चार लेन्स, फ्लॅश, गिंबल, ड्रोन, संगणक असे नऊ लाखांचे सामान चार वर्षे चालले आणि शेवटी लाखाला विकले गेले, तर दर वर्षी दोन लाख झिजले. चार वर्षे हा आकडा मी हात सैल ठेवून घेतला आहे. कॅननच्या ५डी मार्क फोर या कॅमेऱ्याचे शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेले आहे, निकॉन डी८५० चे दोन लाख. पुष्कळ कॅमेरे त्यापुढेही चालतात, पण भरवसा तितकाच. दोन दिवसांच्या लग्नात चार हजार क्लिक सहज होतात. तीस लग्नांचे झाले १,२०,०००. म्हणजे एकच बॉडी वापरली तर सव्वा वर्षात दीड लाखाचा टप्पा आला. दोन लाखांची बॉडी दीड लाख क्लिकला भागा, प्रत्येक क्लिकला सव्वा रुपयाहून थोडे जास्त पडतात. ‘‘डिजिटल आहे ना, अजून दोन काढा की, काय जातंय?’’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. लग्नघरात ते द्यायचे नसते, पण स्वतःला माहीत हवे.

इथवर बेरीज झाली ७,२०,०००. आता मालकाचा पगार. पुष्कळ जण इथे म्हणतात, ‘‘उरेल ते माझे.’’ उरेल ते आपले असे धरले की काही उरत नाही. महिना ४०,००० धरा, वर्षाचे ४,८०,०००. एकूण १२ लाख.

पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, फ्रेम, बारसे-वाढदिवस यांतून कागद-शाईचा खर्च जाऊन वर्षाला तीन लाख मिळतात असे समजू. उरलेले नऊ लाख तीस लग्नांनी उचलायचे आहेत. म्हणजे प्रत्येक लग्नाच्या अंगावर, कॅमेऱ्याची बॅग उघडण्याच्या आधीच, ३०,००० रुपये बसले. त्यात त्या लग्नाचा स्वतःचा खर्च मिळवा: कँडिड फोटोग्राफरचे दोन दिवस १०,०००, व्हिडिओवाल्याचे ७,०००, करिझ्मा अल्बम ८,०००, व्हिडिओ मिक्सिंग ६,०००, प्रवास-जेवण २,०००, पेनड्राइव्ह आणि पेटी १,०००. हे ३४,०००. दोन्ही मिळून ६४,०००. त्यावर धंद्याचा नफा म्हणून विक्री दराच्या पंधरा टक्के ठेवायचे तर दर निघतो साधारण ७५,०००.

आणि चौकातला बाजारभाव समजा ४५,००० आहे.

४५,००० ला काम घेतले तर ३४,००० बाहेर जाऊन हातात ११,००० राहतात. तीस लग्नांचे ३,३०,०००, दुकानाचे तीन लाख, मिळून ६,३०,०००. वर्षाचा खर्च, मालकाचा पगार सोडून, ७,२०,०००. म्हणजे मालकाने वर्षभर फुकट राबून वर ९०,००० घातले. तरीही दुकान चालू असते, मालक बुलेटवरून फिरतो, दिवाळीला शटरवर लायटिंग करतो. हे कसे जमते? घसाऱ्याचे दोन लाख कुणी मागायला येत नाहीत म्हणून जमते. ते बाजूला ठेवले की त्याच्या हातात वर्षाला १,१०,००० येतात, महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. त्यातूनच कर्जाची मुद्दल जायची. काउंटरवरच्या मुलाला तो १५,००० देतो आणि स्वतः त्याच्याहून कमी घरी नेतो. तो कॅमेरा खाऊन जगत असतो, आणि चार वर्षांनी कॅमेरा संपतो तेव्हा नवे कर्ज काढतो.

ज्यांनी दर पाडले आहेत त्यांच्यावर सगळा दोष टाकायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शूटिंग करणाऱ्या मुलाला दुकानभाडे नाही, पगार दुसरीकडून मिळतो. त्याला ४५,००० परवडतात, निदान काही वर्षे. त्याचा दर त्याच्या खर्चाशी प्रामाणिक आहे. चूक त्याचा दर स्वतःच्या दुकानावर लावणाऱ्याची.

अधिक महिन्याच्या वर्षाकडे पुन्हा येऊ. तीसऐवजी चोवीसच लग्ने मिळाली तर नऊ लाखांचा भार प्रत्येकी ३७,५०० होतो आणि खर्च ७१,५०० वर जातो. ७५,००० च्या दरात तेव्हाही साडेतीन हजार उरतात, पगार निघतो, दुकान शाबूत राहते. तो पंधरा टक्के नफा कशासाठी होता, हे अशा वर्षी कळते. ४५,००० वाल्याचे गणित याच वर्षात कोलमडते: घसारा न धरताही वर्षाकाठी त्याच्या हातात ४४,००० रुपये येतात. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पण दर वेळी लग्नसराईत येत नाही. २०२३ चा श्रावणात होता, चातुर्मासातच जिरला. २०१८ चा मात्र ज्येष्ठात होता, २०२६ सारखाच. पंचांग चालू वर्षाचे असले तरी अधिक महिने पुढची कित्येक वर्षे आधी ठाऊक असतात. कॅमेऱ्याचे कर्ज काढण्यापूर्वी तेवढे पाहायला पैसे पडत नाहीत.

क्लिकची किंमत कुठे हरवली

रोलच्या काळात खर्च डोळ्यांना दिसायचा. मोठ्या चौकोनी निगेटिव्हच्या १२० च्या रोलवर बारा फोटो, पस्तीस एमएमच्या रोलवर छत्तीस. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म पुष्कळांनी वापरली. चौथा रोल घालायचा का, हे घरातल्या कर्त्या माणसाला विचारावे लागे, आणि तो ‘‘बास आता’’ म्हणाला की वरातीचे फोटो राहून जात. गिऱ्हाईक कॉपीचे पैसे द्यायचे, साइजप्रमाणे. निगेटिव्ह फोटोग्राफरकडे, त्यामुळे मामाला, मावशीला, सासरच्यांना कॉपी हवी झाली की ते पुन्हा दुकानात. डिजिटल आले आणि रोलचा खर्च गेला, कॉपीची कमाईही त्याच्या मागोमाग गेली, कारण सगळे फोटो मोबाइलवर. खर्च मात्र कॅमेऱ्यात, संगणकात आणि एडिटिंगच्या रात्रींत लपून बसला. दोन दिवसांच्या शूटिंगनंतर चार हजारांतून चारशे निवडणे, रंग सुधारणे, अल्बमची शीट लावणे यात आठवडा जातो. गिऱ्हाइकाने पाहिलेले काम दोन दिवसांचे असते.

दर पाडून धंदा वाढवायची कल्पनाही नवी नाही. १८५४ साली पॅरिसमध्ये आंद्रे दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचे पेटंट घेतले. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे हे फोटो पूर्वीच्या पोर्ट्रेटच्या मानाने फारच स्वस्त पडत. युरोपभर लाट आली, दिस्देरी श्रीमंत झाला. पण स्वस्ताईला कुलूप नसते. शेजारच्या प्रत्येक स्टुडिओने तीच पद्धत उचलली, भाव आणखी उतरले, आणि १८८९ साली दिस्देरी पॅरिसमध्ये कंगाल अवस्थेत वारला. आपल्याकडे त्याच सुमारास राजा दीनदयाळ उलट्या वाटेने गेले. सोलापूरहून रेल्वेने गाठता येणाऱ्या हैदराबादेत त्यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचे काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले. ज्या सेवेशी तुलना करायला बाजारात दुसरे काही नाही, तिचा दर शेजाऱ्याला विचारून ठरत नाही.

‘‘करा की कायतरी कमी’’

आता काउंटरवर या. संध्याकाळची वेळ आहे. मुलीचे वडील खुर्चीत गप्प बसलेत, मुलगी मोबाइलवर कुणाचे तरी प्री-वेडिंग दाखवतेय आणि बोलणी मामांच्या हाती आहेत.

‘‘मालक, पंचाहत्तर लई होतात. तिकडं एकजण पंचेचाळीसला देतोय की.’’

इथे बहुतेक फोटोग्राफर पहिली चूक करतात. ते त्या ‘एकजणा’ची निंदा सुरू करतात. मामा जिंकले. दुसरी चूक म्हणजे ‘‘बरं, सदुसष्ट-पाचशे द्या’’ म्हणून मोकळे होणे. दहा टक्के सूट, ऐकायला मामुली. पण ७५,००० मध्ये नफा होता ११,००० चा. साडेसात हजार सोडल्यावर उरले साडेतीन. दहा टक्के दर सोडला आणि दोन तृतीयांश नफा गेला. शिवाय मामांच्या मनात शंका राहिली ती वेगळीच: एवढे चटकन सोडतो तर मुळात किती लावले होते?

जाणता दुकानदार असे बोलतो: ‘‘मामा, बजेट सांगा. त्यात बसवून देतो.’’ मामा म्हणतात साठ. ‘‘साठमध्ये कँडिडवाला येणार नाही, आणि अल्बम चाळीस पानांच्या जागी तीसचा होईल. व्हिडिओ, मिक्सिंग हेच.’’ दहा हजार कँडिडचे वाचले, दोनेक हजार अल्बमचे. नफ्याला थोडा चिमटा बसला, पण दर वितळला नाही. आणि होते काय, की मुलगी मोबाइलमधून मान वर काढते. ‘‘मामा, कँडिड पायजेच.’’ त्यानंतरची घासाघीस फोटोग्राफरला करावी लागत नाही. ती त्यांच्या घरात होते.

म्हणून दरपत्रकात तीन पर्याय ठेवावेत आणि प्रत्येकात काय आहे आणि काय नाही, दोन्ही लिहावे. ‘नाही’ची यादी पुष्कळ जण टाळतात. वरात साडेदहाला संपणार होती, ती साडेबाराला संपली तर जादा तासाचा दर काय, ड्रोन एक दिवस की दोन्ही, साखरपुडा यात धरला आहे का, हे आधी लिहिलेले असेल तर मांडवात तोंड वाईट होत नाही. इसारही नीट समजून घ्यावा. तो फोटोंचा पहिला हप्ता नसून तारीख अडवल्याचे पैसे आहेत. एप्रिलमधल्या रविवारच्या मुहूर्तावर कुणाचा छोटा साखरपुडा दहा हजारांत घेऊन बसलात, की त्या तारखेचे ७५,००० चे लग्न दारातून परत जाते. मोठ्या तारखा हंगामाच्या सुरुवातीलाच वहीत वेगळ्या कराव्यात आणि ठरावीक दिवसापर्यंत लहान कामाला देऊ नयेत. त्या तारखांचा दर जास्त ठेवायला लाजू नये. कार्यालयवाला ठेवतो, घोडेवालाही ठेवतो.

चातुर्मासातले दर

सोलापूरची एक सोय पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची लग्नसराई एकसारखी नाही. तेलुगू रिवाजात आषाढ लग्नाला वर्ज्य, पण श्रावण शुभ. पूर्व भागातल्या पद्मशाली समाजात ओळख असलेल्या फोटोग्राफरला मराठी हंगाम बंद असताना काम मिळू शकते. मुस्लिम लग्ने रमजान आणि मोहरम टाळून होतात, आणि हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ते महिने दर वर्षी मागे सरकतात. बौद्ध समाजातली पुष्कळ लग्ने मुहूर्त न पाहता रविवारी लागतात. तीन कॅलेंडरे एकावर एक ठेवली की विकण्याजोग्या तारखा तीसच्या वर सरकतात, आणि प्रत्येक जादा लग्न बाकीच्यांच्या अंगावरचे ओझे हलके करते. तीसची छत्तीस झाली तर ३०,००० चे २५,००० होतात.

दुसरे दार कारखान्यांचे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि शालेय गणवेशाच्या शिलाईत गावाने मोठे नाव कमावले आहे. या मालाला आता ऑनलाइन विक्रीसाठी आणि घाऊक कॅटलॉगसाठी फोटो लागतात. पांढऱ्या टॉवेलचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, ज्यात लूप दिसला पाहिजे आणि पांढरा राखाडी पडता कामा नये, हे लग्नाच्या फोटोपेक्षा सोपे नाही. इथे दर नगावर किंवा दिवसावर ठरतो. नगावर ठरवताना एक गोष्ट कळीची: ५० नग एकाच मांडणीत की प्रत्येकाला मांडणी वेगळी? मांडणी बदलायला जो वेळ जातो त्याचा दर लावायचा असतो, क्लिकचा नव्हे. पैसे उशिरा मिळतात, कापड व्यापाराची उधारीची सवय इथेही चालते. दोन महिन्यांनी मिळणाऱ्या पैशाचा दर रोख पैशाइतकाच ठेवणे म्हणजे बिनव्याजी कर्ज देणे.

रिकाम्या दिवसांत दर किती खाली आणावा? दुकानभाडे तर चालूच आहे, कॅमेरा कपाटात पडून आहे. तेव्हा कामाचा थेट खर्च भागून वर थोडे सुटत असेल तरी ते पदरात पाडून घेण्यात तोटा नाही. धोका वेगळा आहे. श्रावणातला दर वैशाखात मागितला जातो. त्यासाठी स्वस्त काम वेगळे दिसले पाहिजे: कमी तास, एकच माणूस, अल्बम नाही. लग्नाच्या पॅकेजला चातुर्मासाची सूट लावली की पुढच्या मे महिन्यात तीच सूट आत्याबाईंच्या तोंडून ऐकायला मिळते.

कर आणि हक्क

हिशेबाने ठरवलेल्या दराला आणखी एक वळण आहे. ७५,००० ची तीस लग्ने म्हणजे २२,५०,००० ची उलाढाल, दुकानाची विक्री वेगळी. सेवा व्यवसायात महाराष्ट्रात २० लाखांच्या वर जीएसटी नोंदणी सक्तीची. फोटोग्राफीवर दर १८ टक्के. ७५,००० वर १३,५०० चढले की बिल ८८,५००, आणि लग्नघराला त्या कराची वजावट मिळत नाही. कारखानदाराला मिळते, म्हणून कॅटलॉगच्या कामात १८ टक्के कुणाला बोचत नाहीत. ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सेवांसाठी ६ टक्क्यांची सोपी योजना आहे. तिच्यात कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, दरातच सामावून घ्यावा लागतो, आणि कॅमेरा-अल्बमवर भरलेल्या कराची वजावट नाही. आपल्या उदाहरणात दर ८०,००० केला तर ४,८०० कर भरून ७५,२०० हातात राहतात. मात्र या योजनेत राज्याबाहेर सेवा देता येत नाही. सोलापूरकराला ही अट इतरांपेक्षा जास्त टोचते, कारण विजयपूर आणि कलबुर्गीकडची कामे त्याची रोजची. तिकडची लग्ने किती, कारखाने किती, हे वहीतून काढून मग सीएकडे जावे. नुसते ‘‘कोणते बरे?’’ असे विचारले तर तो तरी काय सांगणार?

अमेरिकी पुस्तके वाचून दर ठरवणाऱ्यांची आणखी एका ठिकाणी फसगत होते. तिथे फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचा धरून वापराचे वेगळे पैसे लावायचा सल्ला असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ (बी) प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. लग्नाचे फोटो जोडप्याचे, टॉवेलचे फोटो कारखानदाराचे. त्याने ते पुढे दहा वर्षे खोक्यावर छापले तरी वेगळे पैसे मागता येत नाहीत. वापरानुसार दर लावायचा असेल तर कामाआधी तसे लेखी ठरवावे लागते, आणि स्वतःच्या इन्स्टाग्रामवर नवरीचा फोटो टाकायचा असेल तरी परवानगीची एक ओळ दरपत्रकात हवी. काही घरांना ते नको असते. त्यांच्यासाठी त्या ओळीलाही दर असू शकतो.

राहिला शेवटचा हप्ता. लग्न मे महिन्यात होते, जोडपे फोटो निवडून देत नाही, दिवाळसण होतो, संक्रांतीचे हळदीकुंकू होते, अल्बम तसाच आणि राहिलेले वीस हजारही तसेच. दरम्यान कागदाचा भाव वाढतो, हार्ड डिस्क भरते आणि तो डेटा सांभाळण्याची जबाबदारी फोटोग्राफरच्याच गळ्यात. सेवा म्हटली की ग्राहक संरक्षण कायदा लागू, फोटो गहाळ झाले तर ‘पैसे बाकी होते’ हे उत्तर पुरत नाही. तेव्हा इसार तारखेला, मोठा हिस्सा हळदीच्या दिवशी आणि बाकी अल्बम छपाईला जाण्याआधी, असे तीन टप्पे लिहून घ्यावेत. फोटोंची निवड साठ दिवसांत आली नाही तर ती स्टुडिओ करेल आणि अल्बम छपाईला जाईल, सहा महिन्यांनंतर मूळ डेटा ठेवण्याचे पैसे वेगळे पडतील, हेही त्याच पानावर. मामांची सही तिथेच घ्यावी, मुलीच्या वडिलांची नको. बोलणी मामांनी केली होती.